माकडताप की रक्ताचा कॅन्सर? प्लेटलेट्स दोन्हीत घसरतात

अंगात सणसणीत ताप, हिरड्यांतून रक्त, आणि रिपोर्टवर प्लेटलेट्स २८ हजार. एवढं दिसलं की बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणीपर्यंत कुणीही ‘डेंग्यू’ म्हणून मोकळं होतं, आणि पुष्कळदा ते खरंही निघतं. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली की मग पंचाईत होते. पुढच्या यादीत लेप्टो आहे, मलेरिया आहे. पण त्याच यादीत दोन अशी नावं आहेत की पहिल्या दिवशी कागदावर एकसारखी दिसतात आणि उपचारात दोन टोकांना जातात: माकडताप आणि अक्यूट ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर.

माकडताप (आरोग्य खात्याची माणसं कन्नडात ‘मंगन कायिले’ म्हणतात) विषाणूमुळे होतो. १९५७ साली शिवमोग्ग्याजवळच्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा सापडला. पुढे घाटाच्या कडेकडेने तो गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला, म्हणजे खानापूरच्या रानाला लागूनच. माकडं त्यात मरतात म्हणून नाव त्यांचं, पण माणसाला तो होतो गोचीड चावल्याने. माणसापासून माणसाला होत नाही. गोचिडीच्या पिल्लांचा जोर साधारण डिसेंबर ते मे, नेमका काजूचा आणि लाकूडफाट्याचा हंगाम. म्हणून ‘मामा, गेल्या आठवड्यात रानात गेला होता का? काजूला गोव्याकडे गेला होता का? कुठे मेलेलं माकड दिसलं का?’ हे विचारायला पैसे पडत नाहीत, आणि तरी ते फार वेळा राहून जातं. चावल्यापासून ३ ते ८ दिवसांत ताप चढतो.

ल्युकेमियाला हंगाम नसतो. हाडातल्या मज्जेत कोवळ्या, बिनकामाच्या पेशी इतकी दाटी करतात की लाल पेशी, प्लेटलेट्स आणि कामाच्या पांढऱ्या पेशी तयार व्हायला जागाच उरत नाही. इथे ताप बहुधा दुसऱ्याच जंतूचा असतो. लढायला पेशी नाहीत म्हणून तो शिरतो. त्यामुळे अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावं लागतं.

माकडतापाचा पेशंट ‘परवा दुपारपासून’ असं नेमकं सांगतो: थंडी वाजून ताप, कपाळ ठणकणं, पोटऱ्या-कंबर मोडून येणं, डोळे लाल. ल्युकेमियात बरेचदा काही आठवडे आधीपासून दम लागतो, कुठे आपटलं नसताना निळे डाग पडतात. मात्र एपीएल नावाचा एक प्रकार असा आहे की धडधाकट माणूस काही दिवसांत रक्तस्रावाने जातो. तेव्हा निव्वळ हकिकतीवर विसंबता येत नाही.

सीबीसीत (रक्तातल्या पेशींच्या मोजणीत) प्लेटलेट्सच्या जोडीला हिमोग्लोबिन बघा. माकडतापात पांढऱ्या पेशीही कमी होतात, पण हिमोग्लोबिन सहसा टिकून असतं. ७ वर आलेलं असेल तर शंका घ्यावी. आपल्याकडच्या पुष्कळ बायकांचं ते एरवीही कमीच असतं, म्हणून ही खूण लंगडी. खरी खूण काचपट्टीवर आहे. मशीन कोवळ्या पेशींना कधीकधी लिम्फोसाइट किंवा मोनोसाइटच्या रकान्यात टाकून देतं. पॅथॉलॉजिस्टने डोळ्यांनी स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब) पाहिला तर ब्लास्ट, म्हणजे याच कोवळ्या पेशी, दिसतात. माझ्या मते दुसऱ्यांदा नुसता प्लेटलेट काउंट करून घेण्यापेक्षा हा स्मिअर आधी मागावा. नक्की निदानाला मग कमरेच्या हाडातून मज्जा काढून फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशी कुठल्या प्रकारच्या आहेत ते ओळखणारी तपासणी. माकडतापासाठी पहिल्या आठवड्यात आरटी-पीसीआर, नंतर आयजीएम, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी.

उपचारात तर उलटंच चित्र. माकडतापावर नेमकं औषध नाही. पॅरासिटामॉल, सलाईन, रक्तस्राव आणि बीपीवर लक्ष. रक्तस्राव नसेल तर २८ हजारांवर सहसा प्लेटलेट्स चढवत नाहीत. शंभरात तीन ते पाच जण दगावतात, बाकीचे बरे होतात. दहा-वीस टक्के लोकांना तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ताप येतो, सोबत डोकेदुखी, बरळणं. तेव्हा परत दाखल व्हावं. एपीएलमध्ये मात्र तोच २८ हजारांचा आकडा धोक्याचा. तिथे प्लेटलेट्स ३० ते ५० हजारांच्या वर राखतात, फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) सांभाळतात, आणि शंका येताच आट्रा नावाच्या कॅप्सूल सुरू करतात, जनुकाच्या रिपोर्टची वाट न पाहता. सोबत आर्सेनिक ट्रायऑक्साइड. सुरुवातीचे रक्तस्रावाचे दिवस पार पडले तर दहातले जवळपास नऊ जण बरे होतात. मोठ्या माणसांच्या अक्यूट ल्युकेमियांत सर्वांत चांगला निकाल याचाच, आणि उशीर सर्वांत महाग पडतो तोही याच्यातच.

गावात ताप हटत नाही म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन मारून घेण्याची सवय या दोन्ही आजारांत घातक. ल्युकेमियाच्या एएलएल या प्रकारात स्टेरॉइडने ब्लास्ट तात्पुरते नाहीसे होतात, पेशंटला बरं वाटतं आणि आजाराचं निदान महिनाभरही लांबू शकतं. प्लेटलेट्स कमी असताना कमरेत दिलेल्या सुईने आत रक्त साकळतं. ब्रुफेन, डायक्लो, ॲस्पिरिनही नको.

मिरज, कोल्हापूर किंवा मुंबईला हलवायचं ठरलं तर रिपोर्टबरोबर काचपट्ट्याही मागून घ्या. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना कर्नाटकातल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. आपलं गाव त्यात आहे का आणि ते हॉस्पिटल ही योजना घेतं का, हे निघण्याआधी फोनवर विचारावं. आणि घरीच थांबायचं ठरलं असेल तर आठवडा-दहा दिवसांनी सीबीसी पुन्हा करा. विषाणूच्या तापात तोवर प्लेटलेट्स वर चढू लागलेल्या असतात. नसतील, तर ताप उतरलेला असला तरी स्मिअरसकट पॅथॉलॉजिस्टकडे जा.