गुडघा बदलला, दुखणं राहिलं

गुडघेबदलाच्या ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे दुखणारच. हाडांची टोकं करवतीने कापून मांडीच्या हाडाला धातूची टोपी, नडगीवर धातूची थाळी आणि दोहोंमध्ये पॉलिएथिलीनची चकती बसवलेली असते. गुडघा हाताला गरम लागणं, संध्याकाळी सुजणं पाच-सहा महिने चाललं तरी तो भरून येण्याचाच भाग असू शकतो. पण ३ महिने उलटूनही दुखण्यापायी झोप, चालणं, जिना अडत असेल, तर ‘एक्स-रे छान आहे’ एवढ्यावर थांबू नये. असे रुग्ण ढोबळमानाने दर पाचांत एक असतात. म्हणजे हे दुर्मिळ नाही, आणि रुग्णाने व्यायामात कुचराई केली असा त्याचा अर्थही नाही.

औषध ठरवण्याआधी दुखणं केव्हा आणि कुठे होतं ते नीट पाहावं लागतं. खुर्चीतून उठल्यावर पहिली चार पावलं दुखतात आणि मग बरं वाटतं, विशेषतः काही वर्षं चांगल्या चाललेल्या गुडघ्यात हे सुरू झालं, तर इम्प्लांट, म्हणजे बसवलेला कृत्रिम सांधा, हाडापासून सैल झाल्याची शंका घ्यावी. जिना उतरताना गुडघा डगमगतो आणि वारंवार पाणी भरतं, तेव्हा अस्थिबंध, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे, ढिले राहिलेले असू शकतात. उठताना नेमकं पुढच्या बाजूला दुखलं तर वाटी तपासावी. कधी मूळ गुडघ्यात नसतंच. खुब्याचा सांधा झिजला की कळ मांडीतून उतरून गुडघ्यात जाणवते, कमरेत दबलेली नसही तेच करते. म्हणून गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ असेल तर पाय खुब्यातून आत-बाहेर वळवून पाहणं ही दोन मिनिटांची तपासणी चुकवू नये.

सर्वांत आधी बाजूला काढायचं कारण म्हणजे जंतुसंसर्ग. बसल्या जागी आणि रात्रीही ठणकणं, ऑपरेशनपासून एक दिवसही उसंत न मिळणं, जखमेतून पाझरणं ही त्याची लक्षणं. ताप असेलच असं नाही. सीआरपी आणि ईएसआर या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या. सीआरपी ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत सर्वाधिक चढतं आणि साधारण तीन आठवड्यांत उतरतं. ईएसआर मात्र कित्येक महिने चढा राहू शकतो, म्हणून एकट्या ईएसआरवरून घाबरू नये. शंका उरली तर सांध्यातलं पाणी सुईने काढून पेशी मोजतात आणि जंतूंची वाढ करून पाहतात. इथे एक चूक फार महागात पडते: ‘बघू तरी’ म्हणून आधीच अँटिबायोटिक सुरू करणं. जंतू अर्धमेले होतात, तपासणीत सापडत नाहीत, आणि सांध्यात मात्र टिकून राहतात. रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर अँटिबायोटिक बंद करून किमान दोन आठवडे थांबून पाणी काढतात. बदललेल्या गुडघ्यात स्टेरॉईडचं इंजेक्शनही टाळावं, कारण त्यातून संसर्गाचा धोका वाढतो.

व्रणाच्या बाहेरच्या बाजूचा बधिर पट्टा जवळजवळ सर्वांनाच असतो. तिथली त्वचेची बारीक नस छेद घेतानाच कापली जाते. नुसत्या बधिरपणाची काळजी नको. पण तिथे आग होत असेल, करंट लागल्यासारखं वाटत असेल, साडी किंवा पायजमा घासलेला सोसत नसेल, तर ते नसेचं दुखणं आहे आणि साध्या वेदनाशामकाने ते हलत नाही. जखम पूर्ण भरल्यावर तिथून आधी कापूस, मग मऊ फडकं, मग टॉवेल असं पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा फिरवावं. सोबत त्वचा बधिर करणारा लिडोकेनचा पॅच किंवा नसेच्या दुखण्यावरचं प्रीगाबालिन देतात. प्रीगाबालिनने वयस्कांना चक्कर येते, म्हणून ते रात्री आणि कमी मात्रेत सुरू करतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा आणखी कमी.

काहींमध्ये वर्षानुवर्षं झिजलेल्या गुडघ्याचे संदेश झेलून मज्जारज्जू आणि मेंदू इतके हळवे होतात, की सांधा नवा बसला तरी दुखण्याचा आवाज मोठाच राहतो. हे दुखणं खोटं नाही आणि मनाचे खेळही नाहीत. अशा वेळी ड्युलॉक्सेटिन या औषधाचा उपयोग होऊ शकतो, मात्र ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नये. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांचं पाकीट उलटून वाचा: त्यात बऱ्याचदा असेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल ही दोन वेदनाशामकं एकत्र असतात. वर आणखी पॅरासिटामॉल घेतलं की मात्रा नकळत दुप्पट होते. शिवाय असेक्लोफेनॅकसारखी औषधं महिनोन्‌महिने घेतली, तर मधुमेह-रक्तदाब असणाऱ्यांच्या मूत्रपिंडाला ती जड जातात.

चालण्याचं माप घड्याळाने ठरवा, दुखण्याने नाही. बऱ्या दिवशी बाजार, देऊळ, सगळं उरकायचं आणि पुढचे दोन दिवस पडून राहायचं, या चक्रात स्नायूही जातात आणि धीरही. तीन दिवस दुखणं वाढायच्या आत किती मिनिटं चालता येतं ते लिहा. १०, १४, १२ आली तर सरासरी १२, सुरुवात त्याहून थोडी कमी, म्हणजे १० मिनिटांनी. बऱ्या दिवशी १०, वाईट दिवशीही १०. दर आठवड्याला एक मिनिट वाढवा.

गुडघ्याखाली उशी घेऊन झोपण्याची सवय मात्र मोडाच. आराम वाटतो, पण गुडघा वाकलेलाच आखडतो, मग प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणून धरावा लागतो आणि वाटी दुखते. उशीऐवजी टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या आणि मांडी आवळून तो पाच सेकंद खाली दाबा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा.

कारण सापडलेलं नसताना ‘इम्प्लांट बदलून बघू’ असं कोणी सुचवलं तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्याच. निदान न होता केलेल्या फेरऑपरेशनने दुखणं क्वचितच जातं. जाताना जुनी फाइल आणि ऑपरेशननंतर लगेच काढलेला पहिला एक्स-रे सोबत न्या. इम्प्लांट आणि हाड यांच्यामधली काळी रेघ रुंदावते आहे का, म्हणजे ते सैल होतंय का, हे तो आणि आजचा एक्स-रे शेजारी ठेवल्यावरच कळतं.