चहाच्या चवीची जनुकं

ग्रीन टी, ऊलाँग, ब्लॅक टी हे सगळे चहा कॅमेलिया सायनेन्सिस ह्या एकाच झाडाच्या पानांचे. फरक पडतो तो प्रोसेसिंगमुळे, आणि त्याच्याही आधी झाडाच्या जनुकांमुळे. मुख्य प्रकार दोन, बारीक पानाचा थंडी सोसणारा चिनी आणि मोठ्या पानाचा आसामी. आसामी प्रकारातल्या युनकांग 10 ह्या वाणाच्या जिनोमचा, म्हणजे सगळ्या डीएनएचा, आराखडा 2017 मध्ये आला, चिनी प्रकारातल्या शूचाझाओचा 2018 मध्ये. जिनोम साधारण 3 अब्ज बेसचा (बेस म्हणजे डीएनएची अक्षरं), जवळपास माणसाएवढा, पण त्यातला बहुतेक भाग त्याच त्या तुकड्यांनी भरलेला.

तुरटपणा कॅटेचिन ह्या पॉलिफिनॉल गटातल्या रसायनांचा. आसामी पानात ते जास्त, म्हणून चहा कडक होतो आणि दुधातही टिकतो, आपला टपरीवरचा चहा ह्याच जोरावर चालतो. पानं चुरली की पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम त्याच कॅटेचिनपासून थिआफ्लेविन वगैरे बनवतं आणि रंग लाल होतो.

ग्रीन टीतली ती गोडसर, सूपासारखी चव थिआनिन ह्या अमिनो आम्लाची. हे मुख्यतः मुळांत तयार होतं, ग्लुटामेट आणि इथिलअमाइन जोडून, आणि मग वर कोवळ्या पानांत जातं. जोडणारं एन्झाइम थिआनिन सिंथेटेज, ते वनस्पतींत सगळीकडे असणाऱ्या ग्लुटामिन सिंथेटेजच्या नात्यातलं. पानावर ऊन पडलं की थिआनिन मोडतं आणि कॅटेचिन वाढतात, म्हणून जपानमध्ये ग्योकुरो ह्या ग्रीन टीच्या झुडपांवर तोडणीआधी काही आठवडे सावली धरतात. जनुकं तीच, पण कामाला किती लागायचं ते उन्हावर.

कॅफिनची गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते. चहातलं कॅफिन बनवणारं एन्झाइम (कॅफिन सिंथेज) आणि कॉफीतलं, दोन्ही वेगवेगळे उगवलेत, म्हणजे एकाच रेणूपर्यंत दोन झाडं आपापल्या वाटेने पोचली. चीनमधल्या कॅमेलिया टिलोफिला ह्या चहाच्या भाऊबंदात तर हे एन्झाइम शेवटची पायरीच करत नाही, त्यामुळे पानात कॅफिनऐवजी थिओब्रोमिन साठतं, कोकोत असतं तेच.

वासाचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. लिनालूल आणि जिरॅनिऑल हे फुलांच्या वासाचे रेणू, आसामीत सहसा पहिलं जास्त आणि चिनीत दुसरं. पानात ते बरेचसे साखरेला बांधलेले असतात, म्हणून ताज्या पानाला तसा वास नसतो, पान सुकवताना-मळताना पेशी फुटल्या की प्रायमव्हेरोसिडेज नावाचं एन्झाइम त्यांना मोकळं करतं. दार्जिलिंगच्या सेकंड फ्लशचा, म्हणजे दुसऱ्या बहराच्या तोडणीचा, मस्कट द्राक्षांसारखा मस्कटेल वास त्याहून मजेशीर, हिरवे तुडतुडे पानाचा रस शोषतात तेव्हा झाडाची संरक्षणाची जनुकं चालू होतात आणि लिनालूलपासून हॉट्रिएनॉल वगैरे संयुगं बनतात. तैवानच्या ओरिएंटल ब्यूटी चहाचंही तेच. एरवी ज्या किडीवर फवारणी करतात तिची इथे वाट बघतात!

चहा सहसा स्वतःच्या परागाने बी धरत नाही, त्यामुळे बियांपासून केलेल्या मळ्यात प्रत्येक झुडूप निराळं. एखादं चांगलं निघालं तर छाट कलमाने तेच वाढवतात, जोरहाटच्या तोकलाई संशोधन केंद्राचे टीव्ही (तोकलाई व्हेजिटेटिव्ह) नावाचे वाण किंवा दार्जिलिंगचा एव्ही 2 असेच क्लोन आहेत. जपानने तर याबुकिता हा एकच क्लोन देशभर इतका लावला की बहुतेक मळ्यांची तोडणी एकदमच येऊन पडते, आणि आता लवकर-उशिरा येणारे वाण मुद्दाम मध्ये घालावे लागतात.