चाळणी का? हो, चाळणीच!

"ते दे गं, ते... पीठ करतो ते..." म्हणत सासूबाई दोन्ही हात हवेत हलवून दाखवतात. सून परात पुढे करते, मग लाटणं. शेवटी विचारते, "चाळणी का?" "हो, चाळणीच!" नाव कानावर पडताच ओळख पटते.

कधीमधी असं आपलं सगळ्यांचंच होतं. पण महिन्यामागून महिने शब्द गळत गेले आणि कालची भेट, घरचा हिशेब, बाजाराचा रस्ता मात्र नीट लक्षात राहिला, तर? मार्सेल मेसुलम या मेंदूतज्ज्ञांनी १९८२ साली अशा सहा रुग्णांची हकिकत मांडली. पुढे या आजाराला 'प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया' हे नाव मिळालं. अर्धांगवायूच्या झटक्याने वाचा एका दिवसात जाते. इथे मेंदूतलं भाषेचं जाळं, बहुतेकांच्या डाव्या बाजूचं, हळूहळू झिजत जातं.

आत काय बिघडतं, ते डोक्याला इलेक्ट्रोड लावून पाहता येतं. "त्याने चहात चप्पल घातली" असं वाचलं की 'चप्पल'पाशी, साधारण ४०० मिलिसेकंदांनी, मेंदूत एक ठळक विद्युतलहर उमटते. तिला 'एन-४००' म्हणतात. ती १९८० साली सापडली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मेसुलम यांच्या गटाने या रुग्णांना आधी वस्तूचं चित्र आणि मग एक शब्द दाखवला: जुळतो की नाही, सांगा. समजा, चित्र गाजराचं आहे. निरोगी माणसाच्या मेंदूत 'मुळा'पेक्षा 'बस' या शब्दाला मोठी लहर येते, कारण मुळा निदान गाजराच्या भावकीतला. रुग्णांची उत्तरं बहुतांश बरोबर होती, पण हा फरक त्यांच्या लहरींत दिसला नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. तपासणीत 'बरोबर' अशी खूण झालेल्या उत्तरामागेही जवळचं-लांबचं पुसट झालेलं असू शकतं.

या आजाराच्या एका प्रकारात तर शब्दाचा अर्थच विरतो. मग "चाळणी का?" या प्रश्नाला उत्तर येतं, "चाळणी म्हणजे काय?" घरच्यांच्या पोटात खड्डा पडतो तो तेव्हा.

पण ओळख शिल्लक आहे तोवर "हे काय आहे, सांगा बघू" अशी परीक्षा कृपा करून घेऊ नका. शब्दच पुढे ठेवा: "आई, चाळणी हवी की सूप?"