टोलच्या पावतीतला पंधरावा घात

‘रस्त्याचे पैसे कधीच वसूल झाले, मग टोल कसला?’ हा फॉरवर्ड आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर वर्षातून दोनदा तरी येतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरची रोजची वाहनं गुणिले टोल, वजा बांधकामखर्च. गुणाकार बरोबर असतो. पण आजचा रुपया आणि पंधरा वर्षांनंतरचा रुपया सारखाच धरलेला असतो.

२००४ मध्ये रस्ते विकास महामंडळाने हा मार्ग आणि जुना महामार्ग यांची १५ वर्षांची टोलवसुली ९१८ कोटी रुपये आगाऊ घेऊन ठेकेदाराला दिली. उद्याचा टोल आज विकला म्हणा ना. अशा टोलची किंमत ठरते कशी? १२ टक्के व्याज धरू, म्हणजे आजचा रुपया दर वर्षी १.१२ पट होतो. पंधराव्या वर्षी मिळणाऱ्या १०० रुपयांना १.१२च्या पंधराव्या घाताने भागायचं. आजच्या हिशेबात उरतात जेमतेम सव्वाअठरा रुपये! एवढ्यासाठी आज थैली कोण सोडेल?

खरी गंमत इथे आहे. दर ३ वर्षांनी टोल १८ टक्के वाढत आला. कारचे १९५ रुपये होते, त्याचे २३० झाले, मग २७० आणि २०२३ मध्ये ३२०. (२७० गुणिले १.१८ म्हणजे ३१८.६०, वरचा १ रुपया ४० पैसे सुट्ट्यांच्या कटकटीचा.) १५ वर्षांत अशा ५ वाढी धरल्या तर १.१८चा पाचवा घात येतो २.२९, आणि आपले सव्वाअठरा पोहोचतात बेचाळीसच्या घरात. म्हणजे व्याज जे खातं, त्यातला पावाहून जास्त भाग दरवाढ परत भरते. म्हणूनच आगाऊ रक्कम फुगते. दरवाढ रोखा म्हणणाऱ्यांनी ती रक्कमही घटेल हे धरून चालावं. आणि १८च्या अंकांची बेरीज ९ येते म्हणून अंकशास्त्रवाल्यांनी धावून यायला नको. वर्षाला ६ टक्के, ३ वर्षांचे सहा त्रिक अठरा, इतकंच.

२०२० मध्ये पुढच्या दहाएक वर्षांचा सौदा ८,२६२ कोटींना झाला, त्यातले ६,५०० कोटी आगाऊ.

या मार्गावरच्याच बोरघाटातून १८६३ मध्ये रेल्वे वर चढली, तेव्हा तिचा पैसा टोलमधून आला नव्हता. ती बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे कंपनीच्या लंडनमधल्या भागधारकांना ५ टक्के परताव्याची सरकारी हमी होती. कमाई कमी पडली की तूट भरायची हिंदुस्थानच्या महसुलातून. आणि त्या महसुलात मोठा वाटा होता शेतसाऱ्याचा, आगगाडीत कधी पाऊलही न टाकलेल्या कुणब्याचा.