मागे करंज, पुढे मासा

मुळशीकडच्या ओढ्यावर मी गळ टाकतानाचा व्हिडिओ पाहून भाचा म्हणाला, "मामा, एवढीशी माशी इतक्या लांब जाते कशी? शिसं बांधलंय ना?"

नाही बांधलं. गळावर पिसं-दोरा गुंडाळून केलेली ती नकली माशी ग्रॅमभरही नसते. ती फेकता येत नाही. कोंबडीचं पीस फेकून बघा. फेकली जाते ती दोरी. मध्यम, म्हणजे ५ नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात, आणि माशी फक्त त्या दोरीच्या शेपटीला लटकून जाते.

नेहमीच्या फेकीत दोरी आधी पाठीमागे हवेत उलगडावी लागते, म्हणजे मागेही तितकीच मोकळी जागा हवी. मावळातल्या ओढ्यावर मागे करंज, नाहीतर उंबर. माझ्या निम्म्या माश्या तिथेच टांगलेल्या आहेत.

यावर तोड म्हणजे रोल कास्ट. पाण्यावर पडलेली दोरी हळूच ओढत काठी कानाशी आणायची, दोरीचं पोट खांद्यामागे जेमतेम हातभर लोंबू द्यायचं, आणि मग पुढे झटका. कोथरूडला सोसायटीच्या लॉनवर मी हे आठवडाभर घोटलं. दरवेळी पायाशी दोरीचा ढीग! ओढ्यावर मात्र पहिल्याच दिवशी जमलं. हात तोच, काठी तीच, मग फरक कशाचा?

पाण्याचा. झटक्यासरशी काठी दोरी ओढते, तेव्हा दुसरं टोक कुणीतरी धरून ठेवायला हवं, नाहीतर ताण येणार कुठून? गवतावर दोरी सरळ घसरत आपल्याकडे येते. पाणी पृष्ठताणाने आणि घर्षणाने तिला चिकटून धरतं, मग काठी वाकते आणि दोरीचं वळण तयार होतं. पण फार दोरी पाण्यावर राहिली तर ती उपसण्यातच जोर संपतो.

आता माझा आवडता भाग. त्या वळणाची वरची बाजू धावत असते, खालची जवळजवळ स्थिर. म्हणून वळण दोरीच्या निम्म्या वेगाने पुढे सरकतं. वळण पुढे जाईल तशी धावणारी दोरी आखूड होते. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ऊर्जा तेवढीच आणि वस्तुमान घटतंय, तर वेग वाढायलाच हवा. पोतराजाचा आसूड कडाडतो तो याच हिशेबाने: निमुळतं टोक ध्वनीच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगापुढे जातं आणि हवेत धक्कालहर उठते. लोक त्यात देवीचा संचार ऐकतात. आसूड बोथट करून पाहा, संचार थांबेल. आपल्या जाड, फुगीर दोरीला हवा इतकी अडवते की वाढीव वेग तिथेच जिरतो, म्हणून माशी अलगद उतरते. महागड्या कार्बन काठीची जाहिरात यातलं काहीच सांगत नाही.

मागच्या झाडीची ही अडचण स्कॉटलंडच्या स्पे नदीवर जुनीच. तिथल्या फेकीला नावच स्पे कास्ट पडलं. आपल्याकडे हा खटाटोप महसीर या नदीतल्या मोठ्या माशासाठी. साइक्स या ब्रिटिश निसर्ग अभ्यासकाने १८३९ मध्ये दख्खनी महसीरचं वर्णन केलं, ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून.

डोक्यावरही फांद्या असतील तर रोल कास्टही होत नाही. तेव्हा माशी चिमटीत धरून काठी धनुष्यासारखी वाकवायची आणि चिमूट सोडायची. चिमटीत गळाचा बाक धरा, टोक बाहेर ठेवा. माझ्या अंगठ्यावर त्याची खूण आहे.