जन्मसिद्ध नागरिकत्व : अमेरिकेतील चिनी स्थलांतरितांची मुले

अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेले मूल जन्मतःच त्या देशाचे नागरिक ठरते, मग आईबाप कोणत्याही देशाचे असोत. हे तत्त्व १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीत आहे. चिनी आईबापांच्या मुलांनाही ते लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च १८९८ रोजी वाँग किम आर्क खटल्यात ठरवले. मात्र हक्क मान्य झाला तरी तो शाबीत करण्याचे ओझे पुढची कित्येक दशके त्या मुलांच्याच डोक्यावर राहिले. म्हणूनच हा इतिहास निकालापाशी संपत नाही.

१७९० च्या कायद्याने फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या’ परदेशीयांना नागरिकत्व घेता येई. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही ती मुभा मिळाली, चिन्यांना नाही. १८८२ च्या चिनी बहिष्कार कायद्याने मजुरांना प्रवेशबंदी केली आणि चिन्यांना नागरिकत्व देण्यास न्यायालयांना स्पष्ट मनाई केली. त्यामुळे चिनी माणसाला नागरिकत्वाची एकच वाट उरली, ती म्हणजे अमेरिकेत जन्म. घटनादुरुस्तीवरच्या १८६६ च्या चर्चेत सिनेटमध्ये चिनी मुलांचा प्रश्न उघडपणे निघाला होता आणि कॅलिफोर्नियाचे सिनेटर जॉन कॉनेस यांनी ती नागरिक ठरावीत असेच सांगितले होते. चिनी मुले हा नंतर काढलेला मुद्दा नव्हता, हे इथे नीट ध्यानात घ्यायला हवे. लुक टिन सिंग या कॅलिफोर्नियात जन्मलेल्या मुलाला १८८४ मध्ये न्यायमूर्ती फील्ड यांनी नागरिक ठरवलेही होते, पण तो निकाल खालच्या न्यायालयातला होता.

वाँग किम आर्क हा व्यवसायाने आचारी. न्यायालयाच्या नोंदीनुसार त्याचा जन्म १८७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाला. १८९० मध्ये चीनहून परतताना त्याला जन्माने नागरिक म्हणून उतरू दिले गेले. १८९४ मध्ये पुन्हा जाताना त्याने छायाचित्र लावलेले आणि गोऱ्या साक्षीदारांच्या सह्या असलेले प्रतिज्ञापत्र करून ठेवले. तरीही ऑगस्ट १८९५ मध्ये ‘कॉप्टिक’ जहाजाने परतल्यावर सीमाशुल्क अधिकाऱ्याने त्याला अडवले. पुढचे काही महिने त्याला बंदरातल्या एका जहाजावरून दुसऱ्यावर हलवत ठेवले. चिनी समाजाच्या ‘सहा कंपन्या’ या संघटनेच्या पाठबळावर हेबियस कॉर्पसचा (बेकायदा अटकेतून सुटकेचा) अर्ज झाला आणि जानेवारी १८९६ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्याला मोकळे केले. सरकार अपिलात गेले.

सारा वाद दुरुस्तीतल्या ‘तिच्या (म्हणजे अमेरिकेच्या) अधिकारक्षेत्राच्या अधीन’ या शब्दांवर होता. आईबाप चीनच्या सम्राटाचे प्रजाजन, म्हणून मूलही त्याचेच, असे सरकारचे म्हणणे होते. न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी सहा विरुद्ध दोन अशा बहुमताने ते फेटाळले. इंग्लंडच्या सामान्य कायद्यात, १६०८ च्या कॅल्विन खटल्यापासून, राजाच्या भूमीवर जन्मलेला तो राजाचा प्रजाजन असा नियम होता, आणि दुरुस्तीतले शब्द त्याच अर्थाने वाचायचे, असे त्यांनी ठरवले. अपवाद थोडेच : परकी राजदूतांची मुले, परकी सरकारी जहाजांवर जन्मलेली, शत्रूच्या सैन्याने व्यापलेल्या प्रदेशात त्या शत्रूंना झालेली, आणि आदिवासी टोळ्यांचे सदस्य. टोळ्यांचा अपवाद १९२४ च्या कायद्याने मिटला. मुख्य न्यायमूर्ती फुलर आणि न्यायमूर्ती हार्लन यांचे मत विरोधी होते.

निकालाची सावली इतर स्थलांतरितांवरही पडली. भारतीय कायद्याच्या अर्थाने ‘गोरे’ नाहीत, असे ठरवणाऱ्या १९२३ च्या भगतसिंग थिंड निकालाने त्यांना नागरिकत्व घेणे बंद झाले, पण तिथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांचा हक्क शाबूत राहिला. तात्पुरत्या व्हिसावरच्या आईच्या मुलाला, बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसल्यास, नागरिक मानू नये असा राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला आणि न्यायालयांनी तो रोखला. त्या वेळी एच-१बी व्हिसावरच्या मराठी कुटुंबांच्या घरातही याच निकालाची चर्चा झाली.

चिनी मुलांपुढे निकालानंतर प्रत्यक्षात अडचण पुराव्याची होती. सर्वोच्च न्यायालयाच्या १९०५ च्या जू टॉय निकालाने नागरिकत्वाच्या दाव्यावरही प्रवेश-अधिकाऱ्यांचा निर्णय अंतिम ठरला आणि न्यायालयाचे दार जवळपास बंद झाले. पुढच्याच वर्षी भूकंप आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोच्या जन्मनोंदी जळाल्या. आता खऱ्या नागरिकाकडे कागद नव्हता, आणि इतरांनाही इथेच जन्मल्याचा दावा करणे शक्य झाले. नागरिक बापाचे परदेशी जन्मलेले मूलही नागरिक ठरत असे. मग चीनहून परतताना मुलगा झाल्याचे नोंदवायचे आणि ती जागा दुसऱ्याच्या मुलाला विकायची, अशी ‘कागदी मुलगा’ पद्धत रुजली.

याला उत्तर म्हणून सॅन फ्रान्सिस्को उपसागरातल्या एंजल आयलंड बेटावरच्या प्रवेश-तपासणी तळावर (१९१०–१९४०) उलटतपासणी चाले. गावात घरांच्या रांगा किती, विहीर कुठल्या दिशेला, तांदळाची कणगी कुठे, असे शेकडो प्रश्न विचारत. मुलगा, बाप आणि साक्षीदार यांना वेगवेगळे बसवून उत्तरे ताडून पाहत. तयारीची टिपणे घोकून लोक ती जहाजावरून समुद्रात टाकत. या पद्धतीचा मोठा दोष असा, की खरा मुलगाही विहिरीची दिशा चुकू शकतो, आणि घोकलेला चुकत नाही. खुद्द वाँगच्या थोरल्या मुलाला १९१० मध्ये जबान्यांतल्या विसंगतीवरून परत पाठवले गेले. वाँगलाही १९०१ मध्ये टेक्सासमधल्या एल पासो इथे अटक करून पुन्हा नागरिकत्व शाबीत करायला लावले होते.

बहिष्कार कायदा १९४३ मध्ये रद्द झाला, तरी वर्षाला फक्त १०५ चिन्यांनाच प्रवेश होता. १९५६ पासून सरकारने खोट्या नावाने आलेल्यांसाठी कबुली योजना चालवली. पण एकाने खरे नाव सांगितले की त्याच कागदी कुळातले सगळे उघडे पडत, म्हणून अनेकांनी तोंड उघडले नाही. अशा काही कुटुंबांच्या थडग्यांवर इंग्रजीत कागदावरचे आडनाव आणि शेजारी चिनी अक्षरांत खरे आडनाव कोरलेले आढळते.