ऑनलाइन ऑर्डिनेशन: अमेरिकेत लग्न लावण्यासाठी कुठून घ्यावं, कोणते कागद लागतात

अमेरिकेतल्या मराठी लग्नांत मंगलाष्टकं आणि सप्तपदी गुरुजींकडे, पण सरकारी लायसन्सवर लग्न लावणारा म्हणून सही मित्राची, मावसबहिणीची किंवा काकांची, अशी वाटणी आता पुष्कळ ठिकाणी होते. त्या सहीसाठी बहुतेक राज्यांत तो माणूस कुठल्यातरी धर्मसंस्थेचा मिनिस्टर, म्हणजे धर्मोपदेशक, असावा लागतो. ही नेमणूक म्हणजे ऑर्डिनेशन. मराठी ख्रिस्ती ज्याला गुरुदीक्षा म्हणतात ती मिळायला सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या विद्यालयात, वर्षं काढावी लागतात. ऑनलाइन ऑर्डिनेशन नाव, पत्ता आणि ईमेल भरून पाच मिनिटांत होतं, तेही फुकट. इतकं सोपं असल्यामुळेच ते देणाऱ्यांची गर्दी आहे आणि त्यात कोण खरं, कोण दुकानदार हे ओळखावं लागतं.

एक गोष्ट आधी पक्की करा. कुणी कुणाला धर्मोपदेशक नेमावं यात अमेरिकेचं सरकार पडत नाही, त्यामुळे ‘सरकारमान्य ऑर्डिनेशन’ नावाची चीज अस्तित्वात नाही. कुणाच्या सहीने लग्न कायदेशीर होतं हे प्रत्येक राज्याचा कायदा सांगतो, आणि लग्नाचे कागद ठेवणारा काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा), शहराचा किंवा टाउनचा क्लार्क त्याप्रमाणे वागतो. ‘पन्नासही राज्यांत वैध, हमखास’ असं लिहिणारी साइट तिथेच बंद करा. चांगली संस्था उलट राज्यवार अडचणी स्वतःहून सांगते.

आधी क्लार्कला फोन, मग साइट

लग्न जिथे लागणार तिथल्या क्लार्कला फोन करा. तुम्ही राहता तिथल्या नव्हे. जर्सी सिटीत राहायचं आणि हॉल लाँग आयलंडला, ही नेहमीची जोडी. तेव्हा लायसन्स न्यू यॉर्क राज्याचंच लागतं, न्यू जर्सीचं तिथे चालत नाही. फोनवर तीन गोष्टी विचारा: ऑनलाइन नेमलेल्या मिनिस्टरची सही घेता का? त्याला आधी नोंदणी करावी लागते का? नोंदणीला कोणते मूळ कागद लागतात? उत्तर देणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवा, जमल्यास तेच ईमेलवर मागा.

राज्याराज्यांत फरक मोठा आहे. कॅलिफोर्नियात मिनिस्टरची वेगळी नोंदणी नाही, वय 18 पूर्ण हवं. ओहायोत सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे 10 डॉलर भरून नोंदणी करावी लागते. न्यू यॉर्क शहरात लग्न लावणाऱ्याने सिटी क्लार्ककडे 15 डॉलर भरून नाव नोंदवायचं, मग तो शहरात राहणारा असो वा पुण्याहून आलेले गुरुजी असोत. नेवाडात, म्हणजे लास व्हेगासलाही, काउंटी क्लार्कची परवानगी आधी घ्यावी लागते. तिथे ‘परवा पोचतो आणि लग्न लावतो’ म्हणून चालत नाही.

काही ठिकाणी खरोखर जपून राहायला हवं. व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1974 साली युनिव्हर्सल लाइफ चर्चच्या (आज ऑनलाइन ऑर्डिनेशन देणारी ही जुनी संस्था) मिनिस्टरांना लग्न लावायला अपात्र ठरवलं. टेनेसीने 2019 मध्ये कायदा करून ऑनलाइन ऑर्डिनेशनवाल्यांना मनाई केली आणि त्यावर कोर्टकचेरी झाली. पेनसिल्व्हेनियात 2007 साली यॉर्क काउंटीच्या न्यायाधीशाने असं एक लग्न अवैध ठरवलं, तर पुढच्याच वर्षी बक्स काउंटीत उलटा निकाल आला. न्यू यॉर्कचा गुंता सगळ्यात फसवा. सिटी क्लार्क अशा मिनिस्टरांची नोंदणी करून घेतो, पण ब्रुकलिन, क्वीन्स आणि लाँग आयलंड ज्याच्या हद्दीत येतात त्या अपील न्यायालयाने 1989 मध्ये युनिव्हर्सल लाइफ चर्चच्या मिनिस्टरने लावलेलं लग्न मानलं नव्हतं. नोंदणी झाली म्हणजे कोर्टातही टिकेल, असं समीकरण नाही. असे वाद लग्नाच्या दिवशी कधीच उठत नाहीत. ते उठतात घटस्फोटात, वारसाहक्कात किंवा विम्याच्या दाव्यात, म्हणजे जेव्हा समोरच्याला लग्नच नाकारायचं असतं.

अशा राज्यांत ऑर्डिनेशनच्या मागे न लागता सरळ वाट धरणं शहाणपणाचं. न्यू यॉर्क राज्यात 28 मार्च 2023 पासून लग्न लावणाऱ्यालाच एका दिवसाचं लायसन्स मिळतं: टाउन किंवा सिटी क्लार्ककडे अर्ज, 25 डॉलर, वय 18 पूर्ण, राज्याचा रहिवासी असण्याची अट नाही. ते त्या एकाच जोडप्यापुरतं असतं आणि त्यात धर्माचा प्रश्नच येत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्यपालांकडून एका दिवसाची परवानगी मिळते. कॅलिफोर्नियात बऱ्याच काउंट्या लग्न लावण्यापुरता एका दिवसाचा डेप्युटी कमिशनर नेमतात. व्हर्जिनियात सर्किट कोर्टात 500 डॉलरचा बाँड (हमीपत्र) देऊन साधा माणूसही लग्न लावू शकतो. पेनसिल्व्हेनियात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या पद्धतीचं लायसन्स आहे, त्यावर लग्न लावणारा लागतच नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात.

संस्था पारखताना

क्लार्कने ‘ऑनलाइन चालेल’ म्हटल्यावरच इथे या. जुनी संस्था म्हणजे कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टोचं युनिव्हर्सल लाइफ चर्च, कर्बी हेन्सली यांनी काढलेलं. सिअ‍ॅटलचं युनिव्हर्सल लाइफ चर्च मॉनेस्ट्री ही तिच्यापासून फुटलेली वेगळी संस्था. नावं जवळजवळ सारखी, साइट वेगळ्या, आणि त्याच नावाशी खेळणारी तिसरी-चौथी दुकानंही असतात. अमेरिकन मॅरेज मिनिस्ट्रीज ही सिअ‍ॅटलचीच आणखी एक मोठी संस्था. कुठलीही निवडा, पण सर्टिफिकेटवर छापलेलं नाव आणि अर्जात लिहिलेलं नाव अक्षरशः एकच ठेवा. अर्जात ‘युनिव्हर्सल लाइफ चर्च’ आणि पत्रावर ‘मॉनेस्ट्री’ असेल तर खिडकीवरचा माणूस कागद परत करतो, आणि त्याची चूक नसते.

खरी कसोटी ही: क्लार्कने संस्थेला विचारलं तर ती तुमची नोंद दाखवू शकते का? म्हणजे तिचा टपालाचा पत्ता हवा, फोन उचलला जायला हवा, आणि तुमच्या नेमणुकीची तारीख तिच्या दप्तरात हवी. अर्ज करण्याआधी तो फोन एकदा लावून पाहा. कोणी उचललाच नाही तर क्लार्कचाही उचलणार नाहीत.

पैशाचं बोलायचं तर ऑर्डिनेशन फुकट आणि छापील कागदांना पैसे, हा प्रकार सरळ आहे. नेमणूकच विकणारे, दरवर्षी नूतनीकरण मागणारे, ‘डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी’ची पदवी आणि गाडीत लावायचं पार्किंग कार्ड गळ्यात मारणारे टाळा, यातलं काहीही लग्नाला लागत नाही. सोशल सिक्युरिटी नंबर मागणाऱ्याला तर अजिबात देऊ नका, संस्थेला त्याचं काही काम नसतं. ऑर्डिनेशनने आयकर वाचतो असं सांगणारा तुम्हाला थेट आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याच्या, नोटिशीकडे नेतो. आयआरएसच्या करमुक्त संस्थांच्या यादीत नाव शोधायला हरकत नाही, मात्र चर्चना त्या यादीसाठी अर्ज करणं सक्तीचं नसल्याने नाव न सापडणं हा फसवणुकीचा पुरावा नव्हे. आणि या सर्टिफिकेटवर धार्मिक कामाचा आर-1 व्हिसा मिळेल, ही आशाही सोडा. त्याला संबंधित संप्रदायाचं किमान दोन वर्षांचं सदस्यत्व दाखवावं लागतं.

कागद

पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्सवर जसं आहे तसं पूर्ण नाव भरा. ‘बंड्या’, ‘सोनू’ नको, आणि मधलं नाव एका कागदावर वडिलांचं, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, असंही नको. नोंदणी लागणाऱ्या ठिकाणी साधारणपणे दोन कागद मागतात: ऑर्डिनेशनचं सर्टिफिकेट आणि संस्थेचं अलीकडच्या तारखेचं ‘लेटर ऑफ गुड स्टँडिंग’, म्हणजे तुम्ही अजून तिचे मिनिस्टर आहात असं पत्र. दुसऱ्यावर शाईची सही आणि कधी नोटरीचा शिक्काही लागतो. घरच्या प्रिंटरवर काढलेली पीडीएफ इथेच अडते. टपालाचे दिवस धरून लग्नाच्या दोन महिने आधी कागद मागवा.

जोडप्याच्या लायसन्सचं गणित वेगळं. न्यू यॉर्कमध्ये ते मिळाल्यावर 24 तास थांबावं लागतं आणि 60 दिवस चालतं. न्यू जर्सीत 72 तासांची वाट आणि 28 डॉलर. टेक्सासमध्येही 72 तास, मुदत 90 दिवस. शनिवारचा मुहूर्त असेल तर गुरुवारी न्यू जर्सीच्या ऑफिसात जाऊन काही उपयोग नाही.

सही करताना काळं पेन वापरा. पदाच्या रकान्यात ‘फ्रेंड’ लिहू नका, ‘मिनिस्टर’ लिहा. खाडाखोड करू नका, व्हाइटनर तर नकोच. बिघडलेल्या लायसन्ससाठी डुप्लिकेट काढण्याचा उपद्व्याप मागे लागतो. लग्नाची तारीख म्हणून लग्न लावून सही झाली त्याच दिवसाची तारीख येते, पत्रिकेतली नव्हे. म्हणून आधी सिटी हॉलमध्ये सही आणि नंतर गुरुजींकडून विधी असं केलं असेल, तर व्हिसाच्या फॉर्ममध्ये लग्नाच्या सर्टिफिकेटवरची तारीख टाका. भरलेलं लायसन्स परत पाठवणं ही लग्न लावणाऱ्याची जबाबदारी: न्यू यॉर्कमध्ये 5 दिवसांत, कॅलिफोर्नियात 10, टेक्सासमध्ये 30. शेरवानीच्या खिशात ते विसरून हनिमूनच्या टॅक्सीत बसणारे मित्र कमी नाहीत. पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि ट्रॅकिंग असलेल्या टपालानेच पाठवा.

नोंद झाली की लग्नाच्या सर्टिफिकेटच्या प्रमाणित प्रती दोन-तीन मागवा. ग्रीन कार्डच्या आय-130 अर्जाला ती लागते. भारतात पासपोर्टवर जोडीदाराचं नाव घालायचं किंवा बँकेत दाखवायची असेल तर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा दाखला) करून घ्या. अमेरिका आणि भारत दोघेही अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात असल्याने दूतावासाचा शिक्का पुन्हा मारून घ्यावा लागत नाही. मित्राचं ऑर्डिनेशन सर्टिफिकेट मात्र भारतात काही कामाचं नाही. मुंबई-पुण्यात स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली लग्न लावायचं तर ते सरकारने नेमलेल्या विवाह अधिकाऱ्यासमोरच, 30 दिवसांची नोटीस देऊन.